उदारामची शेवटची ओळ

"मी नाही लिवणार," सुखराम म्हणाला. "दुसरा पाहा."

"काऊन?" जमुनाबाईनं विचारलं. तिचा धाकटा भाऊ कवडू बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर बाह्या वर सारून तयार उभा होता. "आमच्या घरधन्याच्या वेळेस तुमीच होते न? कवडूच्या वेळेसबी तुमीच राहा. मले दुसऱ्याचा भरोसा नाही."

सुखरामनं वही उचलली.

लढाईत गोऱ्यांची विमानं इथं सरावाला बॉम्ब टाकायची. गोरे गेले, न फुटलेले बॉम्ब बोडीबोडीच्या गाळात तसेच राहिले. ते निकामी करणाऱ्यांसाठी गोंदियातल्या चार भल्या माणसांनी मंडळ काढलं. मंडळ काम शिकवायचं, आणि माणूस गेलाच तर त्याचं घर सांभाळायचं. अट एकच. शिकवल्याबाहेर त्यानं काही केलेलं नको.

आता ते कळणार कसं? तर वहीवरून! बॉम्बापाशी बसलेला माणूस हात लावायच्या आधी प्रत्येक गोष्ट ओरडून सांगायचा, आणि दूर पाळीआडून दुसरा लिहायचा. त्याच वहीवरून भैयाजी मास्तर पुढच्यांना शिकवायचे.

गेल्या उन्हाळ्यात जमुनाबाईचा नवरा उदाराम गेला. वहीत त्याची चूक निघाली नाही. मंडळानं घर सांभाळलं.

"बॉम्बाचा पेच गंजला होता," सुखरामनं भैयाजींना सांगितलं होतं. भैयाजींनी पटलं नाही अशी मान हलवली आणि वही घरी नेली.

तेव्हापासून उदाराम सुखरामच्या कानात ओरडायचा. जेवताना. भर बाजारात. सुखराम वर्षभर मंडळाकडे फिरकला नाही. आज पहिल्यांदाच आला होता.

त्यानं कवडूचा दंड धरला. "शिकवलं तेवढंच करजो. आपलं डोकं लावू नोको."

"भेव तुमाले लागून राहिलं का मले?" कवडू हसला. "भैयाजीनं रट्टे देऊन देऊन शिकवलं. झोपेतबी सांगीन."

"शपथ घे."

"घेतली न, भाऊ! एक बोट इकडचं तिकडं होणार नाही."

तो उतरला. जमुनाबाई गावकऱ्यांबरोबर लांब मोहाच्या झाडांमागे गेली. सुखराम पाळीआड पालथा पडला.

"माती काढून राहिलो!"

लिहिलं.

"टोपण पुसून राहिलो!"

लिहिलं. पोरगा शिकवल्याबरहुकूम चालला होता, कानातला उदारामही गप्प होता.

"पेचाले पाना लावून राहिलो!"

लिहिलं.

"आता उजवीकडे फिरवून राहिलो!"

उजवीकडे? मंडळ तर डावीकडे शिकवायचं! एकटा उदाराम चुकला होता, घाईत हेच ओरडला होता, उजवीकडे. आणि जमुनाबाईचं घर उघड्यावर पडू नये म्हणून सुखरामनं वहीत लिहिलं होतं, डावीकडे. डावीकडे फिरवलं की फुटतो, असं त्याच वहीवरून धरून भैयाजींनी कवडूला उजवीकडे शिकवलं होतं.