एकमेकांचे चुलते

दसऱ्याआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायचं ठरलं, तसं वडीगोद्रीच्या कल्याणनं आणि कुंभार पिंपळगावच्या त्याच्या दोस्तानं, राधेश्यामनं शनिवार-रविवार म्हैसमाळच्या डोंगरावर काढायचं ठरवलं. घरून सुटायला मौतीएवढं पक्कं कारण दुसरं नाही. पण आपल्या घरातला माणूस मारायला कुणाचाच जीव होईना. म्हणून कल्याणनं बायकोला राधेश्यामचे चुलते गेल्याचं सांगितलं, आणि राधेश्यामनं आपल्या बायकोला कल्याणचे.

डोंगरावर थंड वारं, हातात भाजलेलं कणीस.

"तुझे चुलते लई चांगले होते रे," कल्याण म्हणाला.

"तुझे काय कमी होते?" राधेश्याम हसून हसून डोळे पुसत म्हणाला. "पण घरी कळलं तर मेलोच आपण."

"बिलकुल कळत न्हाई. दोघींची दोन गावं."

तेवढ्यात कल्याणच्या बायकोचा, साधनाचा फोन आला.

"मौतीच्या घरी चूल पेटत न्हाई म्हणून मी पिठलं-भाकरी घेऊन राधेश्याम भाऊजींकडं निघाले, तर फाट्यावर त्यांची बायको डबा घेऊन आपल्याकडंच येताना भेटली. दोन्ही डबे आम्ही तिथंच बसून खाल्ले.

आता एवढंच सांगा, दहावा कुणाचा घालायचा?"