अर्धा चमचा मध

“‘एक वर्षावरील’ हे दोन शब्द कुणी खाल्ले?”

तिने पेपर टेबलावर इतक्या जोरात आपटला की संपादकांच्या कपातला चहा बशीत सांडला.

पान सहावं. वर दिनविशेष, मधोमध आरोग्याचा सल्ला, खाली समाजवार्ता. सल्ल्याभोवती तिने लाल पेनाने गोल काढला होता. कागद त्या जागी फाटलाच होता. ‘बाळांच्या खोकल्यावर घरगुती उपाय : अर्धा चमचा मध दिवसातून तीनदा चाटवावा.’

“बसा ना ताई,” संपादक म्हणाले.

“बसायला नाही आले मी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो. त्यात जंतू असू शकतात. ते बाळाच्या पोटात वाढतात आणि त्यांचं विष होतं. बाळ मान टाकतं, दूध ओढत नाही. रडतं ते मांजराच्या पिल्लासारखं. माहीत होतं तुम्हाला?”

संपादकांना माहीत नव्हतं. त्यांनी बेल दाबून तारीखकाकांना बोलावलं.

तारीखकाका म्हणजे त्या पानाचे कर्तेकरविते. बावीस वर्षं ते एकच पान लावत होते. कपाळावर चष्मा, खिशात तीन पेनं. “काय झालं बुवा?” म्हणत ते आत आले आणि लाल गोल पाहून दाराशीच थबकले.

“हां, ते होय,” ते म्हणाले. “जागा पुरत नव्हती. वर दिनविशेषात नदीवरच्या पुलाच्या उद्घाटनाची ओळ जायलाच हवी होती. मग सल्ल्यातले दोन शब्द काढले.”

“म्हणजे पूल वाचवलात.”

काकांनी खिशातलं एक पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं.

“आज छापण्याआधी कुणी वाचून पाहिलं होतं हे?”

“ताई, दिनविशेषाचं पान काय वाचायचं? इतिहास काय दरवर्षी बदलतो? जुनी फाईल काढायची, साठाचे एकसष्ट करायचे, खाली ताज्या समाजवार्ता भरायच्या, की झालं.” काका हसले. त्यांच्याबरोबर कुणी हसलं नाही, तेव्हा तेही थांबले.

संपादकांनी आवाज खाली आणला. “बाळ किती महिन्यांचं?”

“सात.”

“आणि मध...”

“सासूबाईंनी चाटवला. त्या डॉक्टरांचं ऐकणार नाहीत, पण छापलेल्या अक्षरावर त्यांचा देवासारखा विश्वास. चष्मा लावून मला वाचून दाखवलं त्यांनी. बाळाच्या प्रत्येक शिंकेला फोनवर दहा गोष्टी शोधणारी मी, मीसुद्धा म्हटलं, पेपरात आलंय तर बरोबरच असेल.” तिचा आवाज फाटला. तिने तो लगेच सावरला. “वाटी मीच आणून दिली.”

“आता कुठे आहे बाळ?”

“घरी नाहीये.”

“अरे देवा! कुठल्या दवाखान्यात? आमचा माणूस पाठवतो चौकशीला.”

“माणूस नको. संदेश पाठवा. सगळ्या वर्गणीदारांच्या फोनवर, आत्ताच्या आत्ता. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, एवढंच लिहा. साडेदहा वाजलेत. सकाळचा चमचा गेला असेल. दुपारचा तरी वाचेल.”

संपादकांनी बशीतला चहा पुन्हा कपात ओतला. त्यात त्यांनी बराच वेळ घालवला.

“असं एकदम नाही करता येत हो. मालकांना विचारावं लागेल. लोक घाबरतील. शेवटी पेपरचं नाव आहे.”

“रोज सकाळी फुलांचं चित्र लावून ‘सुप्रभात’ पाठवता, तेव्हा मालकांना विचारता?”

“ताई, एवढं तापू नका,” काका मध्ये पडले. “आमच्या पिढीत सगळ्यांना मध चाटवलाय. आम्ही काय मेलो?”

तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

“हे बघा,” संपादक म्हणाले, “तुम्ही आमच्या जुन्या वाचक दिसता. आम्हाला थोडं समजून...”

“पेपर बंद केलाय आम्ही.”

“एवढ्यात?”

“हा नाक्यावरून विकत आणला.”

संपादक क्षणभर गोंधळले, पण रागावलेल्या माणसाचं काय मनावर घ्यायचं? त्यांनी समजुतीने मान हलवली. “बरं. दुरुस्ती छापतो. उद्याच्या उद्या, याच पानावर.”

“उद्या? चमचे चाटवून झाल्यावर? आणि कुठे, निधनवार्तांच्या खाली? ज्या घरात बाळ आजारी पडतं, त्या घरात दुसऱ्या दिवशी पेपरची घडीसुद्धा कुणी मोडत नाही, साहेब.”

“ठळक छापू. चौकटीत. मग तर झालं?” संपादकांनी कोरा कागद काकांकडे सरकवला. “घ्या काका. ‘कालच्या अंकातील आरोग्य सल्ल्यात...’”

पुढचा शब्द त्यांना सुचेना. ते छताकडे पाहू लागले.

“‘...एक वर्षावरील हे शब्द अनवधानाने राहून गेले,’” ती म्हणाली. “‘वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.’”

काकांनी मुकाट्याने ते लिहून घेतलं. संपादकांच्या कपाळावरची आठी गेली. एवढं भांडून बाई अखेर समजुतीवर आली, असं त्यांना वाटलं.

“वा! अगदी आमच्याच भाषेत सांगितलंत. पेपरात काम केलंय का कधी?”

“नाही,” ती म्हणाली. “गेल्या वर्षीही या सल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही हेच छापलं होतं. बाळाला स्मशानात पोचवून आल्यावर रद्दीत सापडलं.”