ऋतुजाचं दार

नव्याण्णव साली पेणच्या सायबर कॅफेत बसून धनेश इंटरनेटवरच्या एका खेळात जत्रा भरवत होता. खेळात चित्रं नव्हती, सगळं लिहून चालायचं. त्यानं कासूतली आपली आळी घराघरासकट तिथं उभी केली होती. जत्रेची कल्पना शेजारच्या ऋतुजाची. ती मस्कतला नर्स होती. "जत्रा गावच्यासारखीच पायजे," तिनं बजावलं होतं, "पालखी दारोदार थांबली पायजे."

देशोदेशीचे खेळाडू जमले. एकेका दारात थांबत धनेशनं पालखी पुढं नेली. ऋतुजा आपल्या दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती. पालखी तिच्या दारावरून न थांबता गेली.

"धनेशदादा, माझं दार राह्यलं."

पालखी मागं वळवायला त्यानं हात उचलला, पण बोटं कीबोर्डवर टेकेनात. सकाळीच तिची आई, पुतळीकाकी, त्याचा हात धरून म्हणाली होती, "जत्रा होऊ दे बाला, पन पोरीला इतक्यात काय कलू देऊ नको. तिकरं एकटी हाय ती."

पडद्यावर ऋतुजानं आरतीचं ताट खाली ठेवलं. मग ऋतुजाची ओळ उमटली.

"दादा, आमच्या घरात सुतक कुणाचं हाय?"