कोळशाचा ट्रक

कॉलेजच्या आवारात कोळशाचा ट्रक शिरला आणि बुरुलकानबाईंचा जीव भांड्यात पडला. खडू टाकून त्या खिडकीशी धावल्या.

"बघा! म्हणे विद्यापीठाची ही शाखा बंद होणार! बंदच करायची असती तर राजधानीतल्या त्या कवडीचुंबकांनी हिवाळ्याचा कोळसा धाडला असता होय?"

वर्गात सातच जण, पण ओरडले सत्तरांएवढे.

बाई पेरिझातकडे वळल्या. "तू आधी बापाला फोन लाव. सांग, कोळसा आला. आणि तुझ्या त्या होऊ घातलेल्या सासूबाईंना म्हणावं, डूल अजून पेटीतच राहू द्या!"

पोरगी लाजली, पण हसली. तिच्या बापाने साफ सांगितलं होतं, गावात कॉलेज आहे तोवर शीक. ते बंद पडलं की मुलाची आई येऊन तुझ्या कानात डूल घालणार, म्हणजे लग्न पक्कं. एकटी पोर राजधानीला धाडायला तो तयार नव्हता. "मी असेपर्यंत शाखा बंद पडायची नाही," असा शब्द बाईंनी त्याच्या घरी, त्याचा नान मोडून, म्हणजे अन्नाची शपथ घेऊन दिला होता. त्या शब्दापायी उन्हाळाभर त्यांना धड झोप नव्हती.

दारी आलेल्याला नान मोडायला लावल्याशिवाय कामाला जुंपायचं नसतं. बाई नान घेऊन आवारात निघाल्या. मागून पेरिझात, एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हाताने कानाला फोन धरून बापाला 'कोळसा आला' सांगत.

ड्रायव्हरने तुकडा मोडला, पण बाईंच्या नजरेला नजर देईना. त्याचे दोघे हमाल फावडी घेऊन उतरले आणि थेट कोळशाच्या कोठीत शिरले.

"अरे, आधी ट्रक तरी उघडा!" बाई हसून म्हणाल्या.

ड्रायव्हरने ताडपत्री ओढली. आत काही नव्हतं. नुसत्या झाडलेल्या फळ्या. कोठीतून गेल्या सालच्या उरल्यासुरल्या कोळशाचं पहिलं फावडं आलं आणि त्या फळ्यांवर दणकन आदळलं.

बाई बघतच राहिल्या. उमगलं तशा त्या पुढे झाल्या.

"कुठे... कुठे नेताय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ताई?" ड्रायव्हरचा घास तोंडातच राहिला. "बर्फ पडायच्या आत कोळसा हलवा, असा हुकूम आहे. उद्या बाकं न्यायची."

बाईंनी उरलेला नान छातीशी आवळला. एवढं मोठं विद्यापीठ, आणि मेल्यांना एक फोनही करता आला नाही!

पेरिझातचा बाप डोंगरावर मेंढ्या राखणारा, फोनवरही ओरडूनच बोलायचा. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"बरं झालं, पोरी! ट्रक भरलेला आहे ना चांगला?"

पेरिझातने किटली खाली ठेवली. मोकळा झालेला हात आपल्या उघड्या कानाच्या पाळीवर गेला.

"भरतायत, बाबा," ती म्हणाली.