बघणाऱ्यांची नावं

माझ्या सोपानचा दहावाही व्हायचा होता, तोच दिवेलागणीला सुनेचा फोन कोकलला. दूर कुठेतरी एक तारा मरताना भडकला होता आणि उपग्रहाने ते टिपलं होतं. लडाखची दुर्बीण लगेच तिकडे वळवायची, नाहीतर भडक्यामागे उरलेला उजेड विझून जातो. सोपान आणि रेवती हे काम जोडीने करायचे.

नणंद फणकारली, "वैनी, सुतकात सून कॉम्प्युटर घेऊन बसणार?"

"अक्का, आभाळ तुमचं सुतक पाळत नाही. रेवती, बस गं तू."

तिने घरूनच दुर्बीण वळवली, उजेड सापडला. मग जगभरच्या शास्त्रज्ञांना कळवायला चार ओळी लिहिल्या. बघणाऱ्यांची नावं सगळ्यात वर घालतात. सवयीने तिने सोपानचं आधी घातलं. इंग्रजीतलं तेवढं एकच नाव मला वाचता येतं. मी त्यावर बोट ठेवलं.

"राहू दे ना, आई," ती रडत म्हणाली.

"त्याने बघितलं का? न केलेल्या कामावर माझ्या लेकाने कधी नाव लावलं नाही. पूस."

ती मागून एकेक अक्षर पुसत गेली. पहिलं अक्षर उरलं, तेव्हा तिचं बोट पुढे जाईना. कुठलं बटण ते विचारून तेवढं मीच दाबलं.