तोंड उघडा!

नशा आणणारी गातची पानं तासन्‌तास गालात धरल्यामुळे हमूदच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसत चालल्या होत्या. "तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, की क्षणभरही न थांबता घेऊन या," डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, अरवाला, बजावलं.

"डॉक्टरसाहेब, दुपारच्या नमाजानंतर आख्ख्या सना शहरात सरळ तोंडाचा एक पुरुष दाखवा मला!" अरवा म्हणाली. डॉक्टरांनी आपला फुगलेला गाल हळूच भिंतीकडे वळवला.

घरी येताच तिने हमूदला असं काही फैलावर घेतलं, की त्याने पुरुषांची सगळ्यात जड शपथ घेतली. "आजपासून एक पान जरी चावलं, तर तुला तलाक!"

चार दिवस अरवाने त्याचे खिसे हुंगले, उशी झटकली. काही सापडलं नाही. पाचव्या दिवशी तो मित्रांच्या बैठकीतून परतला, तो तोंड एकीकडे आणि शब्द भलतीकडेच.

"अ...वा... पा...णी..."

"वा, अबू रीम! चार दिवसांत शपथही चघळून टाकलीत?" कडेवरच्या रीमला सावरत अरवा तिच्या बापावर कडाडली. "पाणी मागा त्या दोस्तांकडे. मी आता परकी बाई! निघाले मी पोरीला घेऊन माझ्या बापाकडे. पण आधी ती पानं बघू द्या. उघडा तोंड!"

हमूदने मोठ्या कष्टाने तोंड उघडलं.



आत एकही पान नव्हतं.