केराच्या आठवड्याची पाटी

जयंतरावांना आपली केबिन काही सापडेना. बोळ लांबलचक. दोन्ही बाजूंना एकसारखी पांढरी दारं, पायाखाली निळा गालिचा, आणि आकड्यांच्या चकत्या इतक्या बारीक की चष्मा विसरलेल्या माणसानं प्रत्येक दारापाशी वाकून बघावं. दोनदा ते टोकापर्यंत जाऊन आले. साडेपाच होऊन गेले होते. सहाला जहाज हाम्बुर्ग सोडून कॅरिबियन बेटांकडे निघणार होतं, आणि त्याआधी रिसेप्शनपाशी ठेवलेल्या पेटीतली पत्रं किनाऱ्यावर उतरवणार होते. ती पेटी बघायलाच ते खाली गेले होते.

कोटाच्या आतल्या खिशात लिफाफा होता. जर्मनीत त्सुफेनहाउझेनमधलं भाड्याचं घर सोडत असल्याची घरमालकाला नोटीस. जयंतरावांची सही झाली होती. पण करार दोघांच्या नावावर असल्यामुळे प्रभाताईंचीही सही हवी होती. पत्र आज निघालं तर जानेवारीअखेर घर सुटणार होतं. कोथरूडचा फ्लॅट तयार होता, बिल्डरला त्यांनी शब्द दिला होता.

प्रभाताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जयंतराव निवृत्त झाले म्हणून मुलीनं, सुकन्यानं, दोघांना ही सफर भेट दिली होती. त्या भेटीत आपलीही एक भेट घालायची असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बत्तीस वर्षं ही बाई पुण्याच्या आठवणींवर जगत आली होती. शनिवारी गावातल्या मराठी मुलांना ती अक्षरं शिकवायची. पोरं तिला जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, ती न रागावता पुन्हा मराठीत विचारायची. घराचा ‘घ’ आला की फळ्यावर चित्र निघायचं ते तिच्या माहेरच्या घराचं. कौलं, पायऱ्या, पायरीवर झोपलेली मांजर. तिला परत नेणं आपल्याकडून राहून गेलं, ही बोच जयंतरावांना होती. आज ती संपणार होती.

तिसऱ्या खेपेला ते थबकले. एका दाराच्या मुठीला सुतळीनं बांधलेली लाकडी पाटी लोंबत होती. पाटी त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती. त्यांच्या इमारतीत ही पाटी दर रविवारी एका दारावरून पुढच्या दारावर जाई. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा, फाटकापर्यंतची वाटही स्वच्छ ठेवायची. जर्मन लोक त्याला केरवोखं म्हणत. प्रभाताई म्हणत, केराचा आठवडा. चौऱ्याहत्तर साली त्या नवी नवरी म्हणून आल्या आणि चौथ्याच दिवशी शेजारच्या हेबर्लेबाईंनी ही पाटी त्यांच्या दारावर अडकवली होती. तेव्हा त्या रडल्या होत्या. “लोकांचे जिने झाडायला आणलंत का हो मला?”

जयंतरावांनी दार ढकललं. प्रभाताईंनी केबिन केव्हाच लावून टाकली होती. आरशाखालच्या फळीवर गणपती बसला होता. दारामागे पिशवी, खिडकीशी चहाचे दोन कप. त्या पलंगावर बसून स्वेटरच्या घड्या घालत होत्या.

“अहो, होतात कुठे इतका वेळ? मला वाटलं, पोहत घरी निघालात.”

“अगं, ही पाटी इथे कशी?”

“माझी मेलीची घाई! सकाळी टॅक्सी यायच्या आत जिना पुसला आणि पाटी हेबर्लेबाईंकडे द्यायची राहिली. पर्समध्येच आली. म्हातारी शोधत बसली असेल, म्हणून मघाशी फोन केला तिला. ती म्हणे, तू नाहीस तर जिन्याला शिस्त राहायची नाही.” त्या हसल्या. “मग म्हटलं, आलीच आहे तर लावू दाराला. सगळी दारं सारखी. तुम्ही चष्मा इथेच टाकून गेलेले. भलत्याच बाईच्या खोलीत शिरलात तर काय घ्या?”

“आता जहाजाचे जिने झाडणार वाटतं?”

“झाडायला हवेत. बघितलेत का कोपरे? आमच्याकडे असला केर चालला नसता.”

जयंतराव हसले. बाहेर कुठेतरी लोखंडी साखळी खडखडत वर ओढली जात होती. पावणेसहा झाले होते. त्यांनी हात खिशात घातला, लिफाफ्याशेजारचं पेन चाचपलं. महिनाभर मनात घोळवलेलं वाक्य त्यांनी एकदाचं उच्चारलं.

“प्रभा, आपण पुण्याला जाऊ या.”

प्रभाताईंचे हात थांबले. स्वेटर मांडीवरच राहिला. चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं, शनिवारी फळ्यावर मांजर काढताना यायचं ते.

“खरंच?” त्या म्हणाल्या. “डिसेंबरात जाऊ. पेरू असतात तेव्हा. शाळेच्या फाटकाशी तिखटमीठ लावून द्यायचा बघा तो म्हातारा; आता त्याचा नातू बसत असेल. सुधा आहे, नीलिमा आहे. आम्ही तिघी वर्गात एका बाकावर बसायचो, तशा एका सोफ्यावर बसू. मावतो का ते बघू. पहाटे पर्वतीला जायचं, खाली उतरून गरम पोहे. आणि मुलांना दाखवायला त्या घराचा फोटो काढीन. मुलं विचारतात सारखी, मांजर अजून आहे का.”

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. जयंतरावांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिफाफा बाहेर घेतला.

प्रभाताईंनी पदराला डोळे पुसले, स्वेटरची राहिलेली घडी घातली.

“जाऊ या की. पण तीन आठवड्यांच्या वर नको हं, अहो. घर सोडून फार दिवस राहिलं की मला करमत नाही.”